माप घेतल्यावाचून मास्क नको

गेल्या अक्षय तृतीयेस काकीजींच्या वर्षीतपाच्या पारण्यासाठी आम्ही सारे कुटुंबीय चकलांब्यास जमलो होतो. गेवराई तालुक्यातील या गावी काकाजींचे किराणा-भुसाराचे जुने दुकान आहे, दुकानामागे घर आहे, आणि दिवाळीनंतर कापसाची खरेदी असते. पाहुण्यांच्या अंथरुणांसाठी माळ्यावरचे कपाट उघडले, तेव्हा जुन्या चोपड्यांच्या शेजारी पंच्यात गुंडाळलेले एक यंत्र माझ्या हाती लागले. ते सीपॅपचे यंत्र होते. झोपेत श्वास अडणाऱ्या रुग्णास नाकावाटे हवेचा दाब देणारे हे यंत्र काकाजींसाठी दीड वर्षापूर्वी छत्रपती संभाजीनगरहून घेतले होते. नळी नवीकोरी होती. मास्कचे पट्टे मात्र ओढून ओढून पार सैल झालेले होते.

"नऊ रात्री लावले," काकीजी म्हणाल्या. "दहाव्या रात्री काढून फेकले. तेव्हापासून मीच जागी असते. श्वास थांबला की कूस बदलायला लावते."

वर्षभर एकांतर उपवास करणारी ही माउली रात्रीही पुरती झोपलेली नव्हती. काकाजींना विचारले, तर त्यांचे उत्तर ठरलेले: "यंत्र आपल्या प्रकृतीला मानवत नाही." मी डॉक्टर नाही, हे या सदराचे वाचक जाणतातच. औषधांच्या दुकानाच्या गल्ल्यावर बसून जे पाहिले, विचारले आणि वाचले, तेच येथे लिहीत आलो आहे. त्या अनुभवावरून सांगतो, असे म्हणणाऱ्यांपैकी अनेकांच्या बाबतीत न मानवणारी वस्तू यंत्र नसते, मास्क असतो.

या विकाराविषयी थोडे सांगणे भाग आहे. झोपेत घशाचे स्नायू सैलावतात. काहींच्या घशातील मार्ग त्यामुळे इतका अरुंद होतो की श्वास दहा सेकंद किंवा त्याहून अधिक काळ थांबतो, रक्तातील प्राणवायू उतरतो, मेंदू दचकून जागा होतो, एक मोठा घरघराट होतो आणि पुन्हा झोप लागते. तासाला असे पाचपेक्षा कमी प्रसंग असल्यास ते सामान्य मानतात. तीस किंवा अधिक असल्यास विकार तीव्र समजतात. काकाजींच्या अहवालात हा आकडा 38 होता. सकाळी डोके जड, दुपारी गादीवर बसल्या बसल्या डुलकी, आणि रक्तदाबाच्या गोळ्या वाढत चाललेल्या. घरातील मंडळी याला वय झाल्याचे लक्षण मानत होती. मागच्या हंगामात गेवराईहून परतताना त्यांनी गाडी रस्त्याच्या कडेच्या बाभळीत घातली, तेव्हा शेजारी नातू बसला होता. दोघेही बचावले. घरात मात्र आजही त्या प्रसंगाचे नाव कोणी मोठ्याने घेत नाही.

हा विकार आपल्या मंडळींत विरळा आहे, असे समजू नये. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी मध्यमवयीन शहरी पुरुषांची पाहणी करून 2004 साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. झोपेत श्वासात बिघाड होणारे शेकडा 19.5, आणि त्याच्या जोडीला दिवसा झोपेची लक्षणे असणारे शेकडा 7.5 निघाले. बैठे काम, वाढलेले पोट, आखूड जाड मान, ही वर्णने वाचताना आपल्या पेढ्यांवरचे कितीतरी चेहरे डोळ्यांपुढे येतात. 15 फेब्रुवारी 2022 रोजी मुंबईत संगीतकार बप्पी लाहिरी यांचे निधन झाले, तेव्हा डॉक्टरांनी दिलेल्या कारणांत स्लीप अ‍ॅप्नियाचा उल्लेख होता. त्या आठवड्यात माझ्या दुकानी घोरण्याविषयी जितक्यांनी विचारले, तितक्यांनी त्याआधीच्या दहा वर्षांत विचारले नसेल.

उपचाराचा उगम सिडनीचा. तेथील डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी नाकावाटे सतत हवेचा दाब दिला असता घशाचा मार्ग मिटत नाही, असे पाच रुग्णांवर दाखवून 1981 साली ते 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केले. आरंभीच्या यंत्रांत घर झाडण्याच्या व्हॅक्यूम क्लीनरसारखी मोटर असे. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. त्या काळी रुग्णाच्या नाकाचा प्लास्टरचा साचा घेऊन त्यावरून त्याच्यापुरता मास्क घडवीत, आणि रोज रात्री तो सिलिकॉनच्या चिकट द्रवाने चेहऱ्यास चिकटवीत. कटकट मोठीच, पण प्रत्येकाचे माप निराळे असते हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. आज तयार मास्क खोक्यात मिळतो, आणि नेमके तेच आपण विसरलो आहोत.

आपण व्यापारी माणसे. पायात घालून, चार पावले चालून पाहिल्यावाचून चप्पल घेत नाही. बांगडीचे माप हाताने घेतो. काकाजींसाठी मात्र यंत्राची घासाघीस तासभर झाली, हमी किती वर्षांची ते लिहून घेतले, आणि मास्क विक्रेत्याने "मोठा बसेल" म्हणून खोक्यात टाकला तो तसाच घरी आला. त्यांचा देह धिप्पाड, म्हणून मास्क मोठा! नाकाचा देहाशी काय संबंध? काकाजींचे नाक अरुंद आणि उंच आहे. मोठ्या मास्कच्या कडा गालांवर टेकत, वरून हवा डोळ्यांत जाई. डोळे लाल झाले की काकीजी पट्टे आवळीत. आवळल्यावर नाकाच्या हाडावर वळ उठे, आणि हवा दुसरीकडून सुटे. नवव्या रात्री तेथील कातडी सोलवटली.

पट्टा आवळल्याने गळती वाढते कशी, हे एकदा समजले की पुष्कळ त्रास टळतो. मास्कची जी मऊ सिलिकॉनची कड असते, तिला कुशन म्हणतात. बहुतेक कुशन दुहेरी असतात: आत आधार देणारी जाड भिंत आणि बाहेर अगदी पातळ पापुद्रा. यंत्राची हवा आत आली की हा पापुद्रा फुगतो आणि चेहऱ्याच्या उंचसखल भागावर स्वतःच जाऊन बसतो. हवा अडविण्याचे काम तो करतो, पट्टा नव्हे. पट्ट्याने केवळ मास्क जागेवर धरून ठेवायचा असतो. आवळला की पापुद्रा चुरगळतो, त्याला सुरकुत्या पडतात, आणि त्या सुरकुत्यांतून हवा फुसफुसत बाहेर पडते.

म्हणून त्या दुपारी, पारण्याची पंगत उठल्यावर, मी काकाजींना पलंगावर आडवे व्हायला सांगितले. मास्क बसवून पाहायचा तो आडवे होऊनच. बसलेल्या माणसाचे गाल खाली ओढलेले असतात. उताणे होताच ते कानांकडे सरकतात आणि मास्कखालची जमीनच बदलते. काकाजी रात्री कवळी काढून ठेवतात, तर कवळीही काढायला लावली. कवळीसह बसवलेला मास्क कवळी काढल्यावर वरच्या ओठापाशी हमखास उघडतो. त्यांनी पाहुण्यांसमोर कवळी काढण्यास कुरकुर केली. मी दार लोटून घेतले.

नाकाचे माप घेण्यासाठी बहुतेक कंपन्या खोक्यात कागदी किंवा प्लास्टिकची मापपट्टी देतात. ती त्या खोक्यात होतीच, पण कोणी उघडून पाहिली नव्हती. नाकपुड्यांच्या बाहेरच्या कडांमधील रुंदी पाहायची. मास्कची वरची कड नाकाच्या हाडावर यावी, पण डोळ्यांच्या कोपऱ्यांस भिडू नये. खालची कड नाकपुड्या आणि वरचा ओठ यांच्या मधल्या जागी टेकावी. नाकपुड्या कोठेही दबता कामा नयेत. दोन मापांच्या मध्ये नाक येत असेल, तर आधी लहान माप लावून पाहावे. काकाजींचे माप 'लहान' निघाले. डोळ्यांना लागणारी हवा, हाडावरची जखम आणि सैल झालेले पट्टे, सगळ्याचे मूळ या एका चुकीत होते. त्या विक्रेत्यावर मी रागावत नाही. आम्हीही विचारले नव्हते.

नव्या मापाचा मास्क आठवड्याने आला. तो बसवण्याची रीत सविस्तर देतो, कारण घरोघरी इथेच फसते. रात्री झोपायच्या स्थितीत आडवे व्हावे. पट्टे सैल ठेवून मास्क नाकावर ठेवावा. यंत्र सुरू करावे, आणि शक्य असल्यास पूर्ण दाबावर सुरू करावे, कारण आरंभीच्या मंद दाबावर बसलेला मास्क मध्यरात्री दाब चढला की उघडतो. पुष्कळ यंत्रांत मास्क तपासण्याची वेगळी सोय असते. विक्रेत्याकडून ती दाखवून घ्यावी. मग मास्क चेहऱ्यापासून किंचित उचलून पुन्हा अलगद टेकवावा, म्हणजे पापुद्रा हवेने फुगून आपली जागा घेतो. यानंतर पट्ट्यांना हात लावावा, आणि तोही थोडा थोडा, डावा-उजवा सारखा. हवा डोळ्यांकडे येत असेल तर वरचे पट्टे पाहावेत. ओठाकडून जात असेल तर खालचे. पट्ट्याखाली बोट सहज सरकले पाहिजे. शेवटी उजव्या आणि डाव्या कुशीवर वळून पाहावे. काकाजी उजव्या कुशीवर झोपतात आणि उशी मास्कला ढकलते. त्यासाठी मास्क आवळला नाही, उशी थोडी मागे सरकवली.

हे सारे करताना एक इशारा ध्यानात असू द्या. प्रत्येक मास्कवर बारीक छिद्रे असतात आणि त्यांतून सतत हवा बाहेर पडत असते. ती गळती नव्हे. उच्छ्वासाची दूषित हवा बाहेर जाण्याची तीच वाट आहे. आवाज होतो म्हणून ओळखीच्या एका घरी त्या छिद्रांवर चिकटपट्टी लावलेली मी पाहिली आहे. ती ताबडतोब काढायला लावली. ही वाट कधीही बुजवू नये.

मास्क मुख्यतः तीन प्रकारचे असतात. नाक झाकणारा, नाकपुड्यांच्या तोंडाशी बसणाऱ्या दोन मऊ उशांचा, आणि नाक-तोंड दोन्ही झाकणारा. आपल्याकडे मोठा तो भक्कम असा समज असल्याने तिसरा प्रकार अनेकदा आधीच घेतला जातो. वास्तविक नाकाने श्वास घेता येत असेल, तर नाकाचा मास्क आधी लावून पाहावा, असे तज्ज्ञ सांगतात. तो हलका असतो, त्याची गळती कमी असते, आणि रुग्ण तो अधिक काळ वापरतात. ज्यांना कोंडल्यासारखे वाटते, किंवा चष्मा लावून वाचत पडण्याची सवय आहे, त्यांना दोन उशांचा प्रकार मानवतो. भगिनींसाठी एक वेगळी सूचना. चमकी किंवा मोरणी कुशनखाली येत असेल तर तेथून हवा सुटते आणि कातडीही दुखते; रात्री ती काढून ठेवावी. आणि हा पुरुषांचाच विकार समजून काकू-मामींच्या घोरण्यावर हसण्याची आपली रीत बरी नव्हे. मासिक पाळी थांबल्यानंतर स्त्रियांतही त्याचे प्रमाण वाढते.

काही मास्कचे पट्टे लोहचुंबकाच्या बटणांनी जोडले जातात. अंधारात लावायला सोपे, म्हणून ते लोकप्रिय आहेत. परंतु ज्यांच्या छातीत पेसमेकर आहे, किंवा डोक्यात वा डोळ्यात धातूची क्लिप बसवली आहे, त्यांना हे चुंबक धोक्याचे ठरू शकतात. 2022 साली अशा मास्कविषयी जाहीर इशारे निघाले आहेत. शेजारी झोपणाऱ्याच्या छातीत पेसमेकर असेल, तरीही डॉक्टरांना विचारूनच असा मास्क घ्यावा.

आता आपल्या घरांत विशेष महत्त्वाची असलेली गोष्ट, कोरड पडण्याची. रात्री तोंड उघडे राहिले की नाकातून येणारी हवा तोंडावाटे निघून जाते आणि पहाटे घसा सुकून जातो. इतर रुग्ण उशाशी तांब्या ठेवतात. चौविहार करणाऱ्यास ती सोय नाही. काकाजींचे यंत्र सुटण्याचे हेही एक कारण होते, पण त्यांनी ते कोणास सांगितले नव्हते. नियम मोडायचा नव्हता आणि तक्रारही करायची नव्हती. उपाय आहेत. नाक चोंदलेले असेल तर तोंड उघडणारच, म्हणून आधी नाकाचे पाहावे: मिठाच्या पाण्याने नाक धुणे, आणि गरज पडल्यास डॉक्टरांनी दिलेला फवारा. दुसरे, यंत्राला जोडलेल्या ह्युमिडिफायरने हवा दमट व कोमट करता येते. आपल्या मराठवाड्याच्या कोरड्या एप्रिल-मे महिन्यांत ती सोय वरवरची समजू नये. एवढ्यानेही भागले नाही, तर हनुवटीचा पट्टा किंवा नाक-तोंड झाकणारा मास्क यांचा विचार डॉक्टरांसह करावा. तोंडाला चिकटपट्टी लावण्याचे प्रयोग करू नयेत.

ह्युमिडिफायरमध्ये डिस्टिल्ड वॉटर घालतात. आपल्याकडे पाणी उकळून पिण्याची शिस्त आहे, ती उत्तमच; पण बोअरच्या पाण्यातील क्षार उकळल्याने जात नाहीत, आणि टाकीच्या तळाशी पांढरा थर धरतो. इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी आणलेला कॅनही येथे वापरू नये. सकाळी उरलेले पाणी ओतून टाकावे. यंत्र पलंगाच्या उंचीहून खाली ठेवावे, म्हणजे थंडीत नळीत जमणारे पाणी नाकाकडे येत नाही.

वीज गेली तर माणूस गुदमरेल, ही काकीजींची सर्वांत मोठी भीती होती. नाकाच्या मास्कमध्ये तोंड मोकळे असते, छिद्रेही उघडी असतात. वीज गेली की बहुधा जाग येते आणि मास्क काढून टाकता येतो. मात्र यंत्र थांबले की श्वास अडणे त्याच रात्री परत येते. म्हणून इन्व्हर्टरच्या जोडणीत हे यंत्र घ्यावे. भारनियमनाच्या रात्री ह्युमिडिफायरचा तापक बंद ठेवला तर बॅटरी पुष्कळ अधिक वेळ चालते, कारण विजेचा मोठा वाटा तोच खातो.

पर्युषणात पौषध करणाऱ्यांपुढे याच कारणाने एक खरा प्रश्न उभा राहतो. विजेचे यंत्र तेथे चालत नाही. यात मी निवाडा देणारा कोण? एवढेच म्हणेन की विकार तीव्र असेल तर डॉक्टरांशी आधी बोलावे, आणि आपली खरी स्थिती महाराजसाहेबांच्याही कानी घालावी. काकाजींनी दोन्ही केले. त्यांनी यंदा दिवसाचे धर्मध्यान स्थानकात केले, आणि रात्री ते घरी आले. बरोबरीच्या एका ज्येष्ठाने त्यांना त्याबद्दल टोकले. काकाजी केवळ हसले.

सवय लागण्याविषयी. पहिल्याच रात्री आठ तास मास्क लावून झोपण्याचा हट्ट करू नये. काकाजींनी नवा मास्क पहिले चार दिवस झोपण्यासाठी लावलाच नाही. संध्याकाळी दुकान वाढवल्यावर गादीवर बसून, यंत्र सुरू करून, वीस मिनिटे वर्तमानपत्र वाचत बसत. गिऱ्हाईक दारातून डोकावले की "बाहेरगावचा फोन चालू आहे" असे नातू सांगे. पाचव्या दिवसापासून रात्री लावू लागले. मध्येच जाग येऊन नकळत मास्क काढला गेला तर तो पुन्हा लावून झोपावे. हार मानू नये. रात्रीला किमान चार तास, आणि दहातील सात रात्री, एवढा वापर डॉक्टर हिशेबात धरतात, पण ती खालची मर्यादा आहे. झोपेचा जेवढा काळ मास्कवाचून जातो, तेवढा काळ श्वास पूर्वीसारखाच अडतो.

निगा अगदी साधी आहे. झोपण्यापूर्वी चेहरा धुवावा. तेल किंवा मलम लागलेल्या चेहऱ्यावर कुशन घसरते आणि सिलिकॉनही लवकर खराब होते. डोक्याला रात्री तेल लावण्याची सवय असेल तर ते संध्याकाळी लवकर लावावे. कुशन रोज सकाळी सौम्य साबणाच्या कोमट पाण्याने धुवावे, नळी आणि पट्टे आठवड्यातून एकदा. स्पिरिट आणि जंतुनाशके वापरू नयेत. वाळवायचे ते सावलीत. आपल्या गच्चीवरच्या उन्हात पापडाशेजारी ठेवलेले कुशन एका उन्हाळ्यात ताठ होते. उठल्यावर नाकावर दिसणारा फिकट वळ अर्ध्या तासात गेला तर चिंता नाही. लाली टिकली किंवा कातडी सोलली, तर माप किंवा पट्टा चुकतो आहे. दुसऱ्याचा वापरलेला मास्क, मग तो सख्ख्या भावाचा का असेना, घेऊ नये.

आणि कुशन हे झिजणारे आहे, हे लक्षात ठेवावे. पूर्वीच्याच खुणेवर पट्टे असताना हवा सुटू लागली, आणि पट्टे हळूहळू अधिक ओढावे लागू लागले, तर पट्ट्यांना दोष न देता कुशन बदलावे. संपूर्ण मास्क बदलण्याची गरज बहुधा नसते. कुशन सुटे मिळते, त्याचे माप मास्कच्या चौकटीवर किंवा कुशनवरच लिहिलेले असते.

काकाजींचे कुशन गेल्या महिन्यात बदलले. काकीजी आता रात्री झोपतात. फोनवर त्यांनी सांगितले, की यंत्राचा आवाज आला नाही तरच त्यांना जाग येते. जुना मोठ्या मापाचा मास्क मी मागून घेऊन दुकानात ठेवला आहे. कोणी मास्क विचारायला आले, की आधी तो आणि मापपट्टी त्यांच्यापुढे ठेवतो.